दोन्हीकडून उघडणारं बकरीचं पुस्तक

माझ्या आतेभावाच्या छापखान्याबद्दल वाशीमच्या बाजारात आज जे सांगतात, त्यातलं निम्मं खरं नाही. कुणी म्हणतं, त्याची चित्रांची पुस्तकं हजारांनी खपली. पहिलं पुस्तक पाचशे छापलं होतं आणि त्यातली काही कसरीनं खाल्ली. कुणी म्हणतं, दोन्ही बाजूंनी वाचता येईल असं पुस्तक काढायची युक्ती त्याच्या डोक्यात आधीपासून होती. तसंही नव्हतं. ती एक चूक होती, आणि ती आम्हां चौघांच्या डोळ्यांसमोरून गेली तरी एकालाही दिसली नाही. त्या छापखान्याचा कागद मी मोजून घेत असे आणि मोजून देत असे, त्यामुळे जे मला नक्की ठाऊक आहे तेवढं इथे लिहितो. जे नक्की आठवत नाही ते सोडून देतो.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा कापसाच्या जिनात काट्यावर कारकून होतो. आतेभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्यानं अकोल्याच्या एका छापखान्यात बरीच वर्षं शाई मळली होती. तिथे नवं यंत्र आलं तेव्हा दगडावर छापायचं जुनं हातयंत्र मालकानं मोडीत काढलं. ते यंत्र आणि त्याचे तीन दगड घेऊन हा गडी रेल्वेनं वाशीमला उतरला. स्टेशनवरच्या हमालांनी दगड उचलले आणि विचारलं, “एवढा मोठा पाटा! काय वाटता याच्यावर?”

दगडावर छापायची रीत अशी. खळ लावलेल्या पिवळ्या कागदावर चरबीच्या शाईनं चित्र काढायचं. तो कागद ओलसर करून दगडावर दाबला की चित्र दगडावर उतरतं. मग दगडावर पाणी फिरवायचं आणि शाईचा रूळ फिरवायचा. शाई चित्राला तेवढी धरते, बाकीचा दगड कोरा राहतो. यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे नसतात, त्यामुळे जिनाच्या पावत्या, लग्नपत्रिका, उर्दू जाहिराती असं काहीही त्या यंत्रावर निघे. आतेभावाचं पोट त्यावर चालत होतं. पण त्याला पुस्तक काढायचं होतं, आणि तेही नुसत्या चित्रांचं.

त्याचं म्हणणं असं होतं. आमच्या बाजारात बाळबोध वाचणारे थोडे, मोडी वाचणारे म्हातारे त्याहून थोडे, मंगरूळपीरकडचे उर्दू वाचणारे काही, आणि यातलं काहीच न वाचणारे बाकीचे सगळे.

“अक्षर टाकलं का तीन जन वाचते अन् तीस जन पाह्यते,” तो म्हणे. “अक्षर काढून टाकलं का तेहतीसच्या तेहतीस पाह्यते.”

हिशेब बरोबर होता, म्हणून मी त्याच्या बाजूनं झालो.

छापखान्याची जागा त्याच्या सासऱ्यांची होती. सासरे गावाबाहेरच्या मळ्यात कांदा, लसूण, वांगी, मेथी काढून बाजारात विकत. मळ्यातला कांदा ठेवायचा कोठा वर्षातले काही महिने रिकामा राही, तो त्यांनी जावयाला दिला होता. एक दिवस ते कोठ्यात आले, तर दोरीवर चित्रांचे पिवळे कागद वाळत होते.

“हे काय होय, जवाई?”

“पुस्तक हाये, मामाजी.”

“मंग अक्षर कुठी हाय?”

“अक्षर नाई. नुसते चित्र.”

सासऱ्यांनी एक कागद बोटानं उचलून पाहिला. मग म्हणाले, “असू द्या. पन मले हे सांगा, का कांदा निघाला का म्या तो कुठी ठेवू? तुमच्या पुस्तकावर?”

आतेभाऊ दोरीवरचे कागद सारखे करू लागला.

“आयका,” सासरे म्हणाले. “कांदा निघे पावतर राहा. तवरिक लोकाइनं तुमचं पुस्तक घेतलं, अन् दुसरंबी मागून राह्यले असले, तं मंग बसून बोलू. नाई घेतलं तं दगड उचला अन् अकोल्याले जा नोकरीवर. माही पोरगी म्या शाई खाले नाई देल्ली.”

बोलणं हसत झालं, पण ते शब्दाचे पक्के होते. अकोल्याला जाणं म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या यंत्रावर दुसऱ्याच्या पावत्या. दगड मागे राहिले तर कुणी त्यांच्यावर चटणीच वाटली असती. आतेभाऊ त्या दिवसापासून मळ्यातल्या कांद्याच्या पातीकडे असा पाही, जशी ती त्याच्या अंगावरच वाढतेय.

चित्रं काढायला त्यानं किन्हीराजा गावचा एक चितारी आणला होता. हा लग्नघरच्या भिंतींवर हत्ती आणि भालदार काढी, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवी. हात उत्तम, स्वभाव तिरका. “माह्या हत्तीले आजवर कोनी नाव नाई ठेवलं,” हे वाक्य तो दिवसातून एकदा तरी म्हणे. लग्नाचा हंगाम नव्हता म्हणून तो कोठ्यातच मुक्कामाला होता.

पुस्तकाची गोष्ट दोघांनी मिळून रचली. पानाला एक अशी सोळा चित्रं, कारण कागदाचा एक ताव घडी घालून कापला की सोळा पानं होतात. पहिल्या चित्रात एक सडपातळ माणूस काठी घेऊन कडुलिंबाखाली बसलाय आणि समोरून एक म्हातारी बकरी घेऊन चाललीय. माणसाची नजर बकरीवर आहे. दुसऱ्या चित्रात बकरी त्याच्याजवळ आहे, आणि म्हातारी डोळ्याला पदर लावून उभी. मग असंच धोब्याचं गाढव त्याच्याकडे येतं, मग एकाची बैलगाडी, मग दुकान, मग घर. प्रत्येक वेळी समोरचा आधी हसतो आणि नंतर रडतो, आणि आपला माणूस चित्रागणिक जाड होत जातो. सोळाव्या चित्रात तो इतका फुगलाय की स्वतःच्याच घराच्या दारात अडकलाय, अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि सगळा बाजार त्याला हसतोय. लोभ्याची फजिती, एवढीच गोष्ट.

वरच्या कव्हरावर काय काढायचं, यावर थोडी चर्चा झाली. चितारी म्हणाला, बकरीचं तोंड काढतो, लोकांना बकरी आवडते. पुढे आणि मागे वेगळी चित्रं काढायची तर त्याचे आणखी दिवस मोडणार होते, आणि दिवस तर कांद्याच्या पातीबरोबर चालले होते. म्हणून तेच बकरीचं तोंड दोन्ही बाजूंना छापलं. बाजारात पुस्तक कसंही पडलं तरी बकरी वर दिसेल, असंही आम्ही एकमेकांना सांगितलं. छापखान्याचं नाव कायद्यानं छापावंच लागे, ते शेवटच्या पानाच्या तळाशी एका बारीक ओळीत टाकलं. सगळ्या पुस्तकात अक्षरं काय ती तेवढीच. शिवायचं काम वहिनीचं. सासऱ्यांची ती मुलगी, वडिलांसारखीच बोलायला तिखट आणि कामाला त्याहून तिखट.

आठवडी बाजारात आम्ही कापड अंथरून बसलो. पहिल्याच गिऱ्हाईक बाईनं पुस्तक उचललं, पान-पान उलटून शेवटपर्यंत पाहिलं, खुदकन हसली आणि विचारलं, “केवढ्याले?”

“एक आना.”

“अक्षर नाई तं आना कायचा?”

“चित्राचा, बाई.”

“चित्र तं पाह्यलं म्या आता,” असं म्हणून तिनं पुस्तक परत ठेवलं आणि ती मिरच्यांकडे गेली.

असंच सगळ्यांनी केलं. वाचायला यावं लागत नाही हाच पुस्तकाचा गुण, आणि त्या गुणानंच ते उभ्या-उभ्या वाचून संपे. एक शिक्षक आले. त्यांनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले, “मुलांना चित्रांची सवय लागली तर अक्षर कोण शिकेल?”

आतेभाऊ म्हणाला, “गुरुजी, तुमच्या शाळेत तं चित्र नाई. तरी कुठी शिकून राह्यले?”

झालं, शाळेतही पुस्तक जायचं बंद. मी त्याला म्हटलं, “तोंड आवर.” तो म्हणाला, “आवरलंच होतं. यापेक्षा वाईट सुचलं होतं मले.”

तीन बाजार असे गेले. संध्याकाळी गठ्ठा घेऊन परत आलो की वहिनी दारातून विचारी, “किती गेले?” आणि उत्तर ऐकून म्हणे, “पाचशे बकऱ्या बांधून ठेवल्या घरात, अन् एकबी दूध देत नाई.” हसत म्हणे, पण पलीकडे मळ्यातल्या पाती माना टाकायला लागल्या होत्या, आणि कांद्याची पात पडली की कांदा तयार होत आला हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मंगरूळपीरला जा, हे तिनंच सुचवलं. तिथे दर्ग्याचा उरूस भरायचा होता.

“बाजारात मानूस मिरची घ्याले येते,” ती म्हणाली. “त्याले घाई असते. उरुसात पाहाले येते. तिथं जा.”

दोनशे पुस्तकांचा गठ्ठा बांधून आम्ही तिघं सर्व्हिस मोटारीनं निघालो. आतेभाऊ, चितारी आणि मी. मी जिनातून रजा काढली होती. दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवर बांगड्यांचं दुकान आणि रेवड्यांचं दुकान यांच्या मधे जागा मिळाली. सकाळचा वेळ वाशीमच्या बाजारासारखाच गेला. लोक पाहत, हसत, ठेवून देत.

दुपारकडे एक म्हातारे मियाँ आले. पांढरी दाढी, खांद्यावर रुमाल. तिथेच त्यांचं अत्तराचं दुकान होतं असं नंतर कळलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि उघडलं. ते उभे राहून एकेक पान इतकं सावकाश पाहत होते, की आतेभावानं मला कोपर मारलं. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं, छातीला लावलं आणि म्हणाले, “वा! इतना सब था, सब दे दिया अल्ला के बंदे ने.”

आतेभाऊ गोंधळला. “कोनं काय देल्लं, चाचा?”

“ये जो मोटा सेठ है. घर में अटक गया था बिचारा. घर दे दिया, दुकान दे दी, गाड़ी दे दी, दुबला हो गया. आखिर में बुढ़िया की बकरी भी वापस. अब बैठा है आराम से पेड़ के नीचे.”

तेव्हा आमच्या लक्षात आलं. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं. चाचांनी सोळावं पान पहिलं धरलं होतं आणि तिथून ते मागे मागे आले होते. दोन्हीकडे बकरीच छापलेली, मग त्यांना कोण सांगणार पुढची बाजू कुठली?

“चाचा, तुमी उलटं पाह्यलं,” आतेभाऊ घाईघाईनं म्हणाला. “हे इकडून सुरू होते.”

“उल्टा?” चाचांनी भुवया चढवल्या. “किताब तो इधर से ही खुलती, बेटा.” मग त्यांनी सोळाव्या पानाच्या तळाची बारीक ओळ बोटानं दाखवली. “और ये नाम किसने लिखा? तुमनेच ना? नाम कौन से सफे पे लिखते? पहले पे.”

“ते आखरी पान होय, चाचा!”

“आखरी में नाम? वो तो कब्र पे लिखते, बेटा!”

रेवडीवाला मोठ्यानं हसला. हसण्यानं माणसं थांबली. शेलू बाजार गावाकडचा कुणी शेतकरी बायको-मुलांसह आलेला होता, त्यानं दुसरं पुस्तक उचलून आपल्या बाजूनं पाहिलं आणि म्हणाला, “चोर हाये लेकाचा. म्हातारीची बकरी नेली यानं.”

“अरे भाई, ली नहीं, दी!” चाचा म्हणाले.

“मंग म्हातारी रडून काहून राह्यली?”

“बकरी नहीं थी इसलिए रो रही थी. अगला पन्ना देख, मिल गई.”

“अगला नाई ते, मांगचं होय!”

आता दोन्ही बाजूंना माणसं जमली. हा पुस्तक उघडून त्याला दाखवी, तो उलटं करून याला दाखवी. बांगड्यांच्या दुकानातल्या बायका बांगड्या भरता भरता माना वळवून विचारू लागल्या, चोर का साधू? वाद घालायचा तर हातात पुस्तक पाहिजे, आणि उभ्या-उभ्या पाहून ठेवून देता येईना, कारण घरी जाऊनही तो वाद घालायचा होता. लोक आणे काढायला लागले. मी देत होतो, आतेभाऊ नुसता उभा होता.

एवढ्यात गलका ऐकून उरुसाच्या बंदोबस्तातला एकजण गर्दीतून आला. “काय झगडा लावला इथं?” त्याला पाहून आतेभाऊ कापडाचं टोक धरून गुंडाळायलाच लागला. जागा गेली, आता गठ्ठा घेऊन परत, असंच मलाही वाटलं. चाचांनी त्या माणसाच्या हातात पुस्तक दिलं आणि म्हणाले, “झगड़ा नहीं है मियाँ, किताब है. तुम बताओ.” त्यानं पुस्तक उजवीकडून पाहिलं, मग डावीकडून पाहिलं. मग दोन घेतली. म्हणाला, एक त्याच्या मेव्हण्यासाठी, तो नेहमी उलटंच बोलतो.

संध्याकाळ व्हायच्या आत दोनशे संपली.

निघताना चाचा पुन्हा आले आणि विचारलं, चित्रं कुणी काढली? चितारी छाती काढून पुढे झाला. चाचांनी त्याच्या हाताची तारीफ केली. मग शेवटचं पान काढलं, म्हणजे त्यांच्या बाजूचं शेवटचं, आमचं पहिलं.

“एक बात बताओ. बकरी दे दी, ठीक. फिर उसको ऐसे क्यों देख रहा? दे दिया तो दे दिया ना.”

चिताऱ्यानं गठ्ठ्याची दोरी गुंडाळली. मोटारीत बसल्यावर मात्र सुरू झाला. “माह्या हत्तीले आजवर कोनी नाव नाई ठेवलं. अन् हे म्हातारं बकरीच्या नजरेत खोट काढून राह्यलं.” थोड्या वेळानं म्हणाला, “पुस्तक पाहाचं उलटं, अन् चूक माही.” वाशीम जवळ आलं तेव्हा म्हणाला, “पन नजर लोभीच हाये, हे खरं हाये.”

दुसऱ्या दिवशी कोठ्यात वेगळाच पेच उभा राहिला. उरलेली पुस्तकंही आता लवकर संपणार होती, पुन्हा छापायची होती, आणि आतेभाऊ म्हणत होता की पहिल्या पानावर एक बोट दाखवणारा हात काढू, म्हणजे लोकांना कळेल, इकडून सुरू. आपण काढली चोराची गोष्ट आणि लोक साधूची वाचतात, हे त्याला आतून लागलं होतं.

वहिनी पानं शिवत होती. ती मान वर न करता म्हणाली, “हात कायले काढता? ज्याले जिकडून याचं तिकडून येऊ द्या. घराले दोन दरवाजे असले तं कोनी पडते का?”

“पन गोष्ट तं एकच हाये!”

“तुमची एक हाये. इकले गेले ते दोन्हीनं इकले गेले.”

मी आकड्यांनी तिला दुजोरा दिला. वाशीमच्या तीन बाजारांत डावीकडून जेवढी गेली होती, त्याच्या दसपट एका दुपारी दोन्हीकडून गेली होती. आतेभावानं दगडावरचं कापड बाजूला सारलं. मग चिताऱ्याकडे वळून म्हणाला, “हात नको काढू. नजरेचं काय करतं?”

चिताऱ्यानं उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं पातळ पात्यानं दगडावरच्या पहिल्या चित्रातल्या माणसाचे दोन डोळे खरवडले आणि त्या जागी दोन रेघा ओढल्या. माणसाचे डोळे मिटले. डावीकडून आलं तर झोपेचं सोंग घेऊन टपलेला चोर, उजवीकडून आलं तर सगळं देऊन निवांत बसलेला माणूस. दोन रेघांत दोन्ही बाजू सांभाळल्या, आणि त्या दिवशी त्यानं हत्तीचा विषय काढला नाही.

त्याच दिवशी दोघांच्या डोक्यात दुसऱ्या पुस्तकाची गोष्ट सुरू झाली. चुकून झालं ते आता ठरवून करायचं. एका बाजूनं एक दरवेशी अस्वल घेऊन बाजाराला निघालेला, दुसऱ्या बाजूनं एका घरचा बैल दावं तोडून पळालेला, आणि पुस्तकाच्या मधल्या पानावर बाजारात दोघांची गाठ. जो जिकडून येईल त्याला त्याची गोष्ट. पण हे सगळं बोलणं ज्या कोठ्यात चाललं होतं तो कोठा चार-आठ दिवसांनी कांद्याचा होणार होता. चिताऱ्यानं अस्वल काढायला घेतलं, आणि आतेभाऊ त्याला म्हणाला, “अस्वल लहान काढ. अकोल्याले न्या लागलं तं सोपं जाईन.”

कांदा निघाला. दोन गाड्या भरून सासरे स्वतः कोठ्याच्या दारात आले, बरोबर मजूर बाया. बैल सुटले, बाया सावलीला बसल्या. आतेभावानं यंत्रावरचं कापड काढलं, दगड भिंतीशी लावले. उचलायची तयारी केली होती त्यानं. न विचारता.

सासरे आत आले, गोणीवर बसले आणि म्हणाले, “आना ते पुस्तक.”

आम्ही दिलं. त्यांनी ते ना डावीकडून उघडलं, ना उजवीकडून. कुठल्याच लिपीत त्यांनी कधी काही वाचलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मधोमध उघडलं, जशी पालेभाजीची जुडी उघडून आत किडकं पाहतात तसं. त्या पानावर आपला माणूस ना जाड ना बारीक, बैलगाडीवर बसलेला, मागे बकरी आणि गाढव बांधलेलं. ते चित्र त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“याचं मंग पुढं काय झालं?”

आतेभावानं एकीकडे बोट दाखवलं. त्याच वेळी चिताऱ्यानं दुसरीकडे. दारातून वहिनी हसली.

“म्हंजे तुमालेच मालूम नाई,” सासरे म्हणाले. त्यांनी दोन्ही बाजूंची पानं उलटून पाहिली, आधी इकडची, मग तिकडची, आणि पुस्तक मिटून गुडघ्यावर ठेवलं. “आठवडा झाला, उरुसाहून आलेले लोक भाजीच्या दुकानावर मले इचारून राह्यले, बकरीचं पुस्तक तुमच्याच जवायाचं होय का? मेथी घेतल्यावर इचारत नाई. पह्यले हे इचारते, मंग मेथी घेते. काल एक मानूस म्हने, दुसरं कवा येनार? म्या काय सांगू त्याले?”

“दुसरं काढून राह्यलो, मामाजी,” आतेभाऊ म्हणाला. “अर्धं झालं. पन कोठा...”

“कोठ्याचं म्या पाह्यतो. कोठा माहा हाये.”

ते उठले. कोठ्याची लांबी त्यांनी पावलांनी मोजली. मी मनात मोजत होतो, आणि त्यांचं अर्धं माझ्या अर्ध्याशी जुळलं. आतल्या बाजूला कांदा, दाराच्या बाजूला छापखाना, असं त्यांनी सांगितलं. बायांनी गोण्या आत न्यायला सुरुवात केली. पण कोठ्याला खिडकी एकच, आणि ती आतल्या बाजूला. दोन रांगा लागल्या आणि खिडकी अर्धी झाकली गेली. चितारी कागद घेऊन दाराशी बसला होता, त्यानं मान वर केली, आणि अंधार वाढला म्हणून कागद डोळ्यांजवळ नेला. आतेभाऊ यंत्र पुसत राहिला. अर्धा कोठा मिळाला होता, आणखी काय मागणार.

सासऱ्यांनी ते पाहिलं. “थांबा वं,” ते बायांना म्हणाले.

“आता काय झालं, बाबा?” वहिनीनं विचारलं.

“काय झालं काय. तुह्या नवऱ्याचं अस्वल अंधारात बसलं. थे गोण्या काढा तिथून.”

“आता तं रचल्या!” एक बाई कुरकुरली. “दोनदा उचलाव का?”

“दोनदा उचल. मजुरी दोनदा देईन. कांद्याले हवा लागते बाई, उजेड नाई लागत. दाराशी रचा, तिथं वारा येते. अन् हे दगड आना इकडं खिडकीखाले.”

गोण्या निघाल्या, यंत्र सरकलं. दगड उचलायला आम्ही चौघं लागलो आणि पाचवे सासरे. दगड खिडकीखाली टेकला तेव्हा त्यांच्या धोतराला शाई लागली होती, ती त्यांनी अंगठ्यानं पुसून पाहिली. पुसल्यानं ती आणखी पसरली. चितारी आपला कागद घेऊन उजेडात येऊन बसला आणि अस्वलाचे केस काढू लागला.

“अस्वल लहान हाये,” सासरे त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाले.

“अकोल्याले न्याचं होतं म्हून,” चितारी म्हणाला.

“आता कुठी न्याचं नाई. मोठं काढ.”